अंगरख्याच्या आतल्या पट्ट्या

हल्ली आमच्या गल्लीत रविवारी सकाळी माणसं फिरायला येतात. पंधरा-वीस जणांचा घोळका असतो आणि पुढे एक माहिती सांगणारा. ते कौलं बघतात, खानावळीत घावणे खातात, माझ्या दुकानात शिरून मुकुट डोक्यावर ठेवून फोटो काढतात. मागे त्यातली एक मुलगी मला म्हणाली, "आजी, किती लकी ना तुम्ही! मुलुंडसारख्या ठिकाणी एवढं जुनं काहीतरी आपोआप टिकून राहिलंय."

आपोआप! लोणचंसुद्धा आपोआप टिकत नाही, बाई. तिला मुकुट नीट बसवून दिला, पण तो शब्द डोक्यात बसला. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझा धंदा ड्रेपरीचा. म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देण्याचा. माझे वडील गिरणीत होते. कणकवलीकडचे. गिरणीच्या हौशी नाटकात काम करता करता त्यांना कपड्यांचाच नाद लागला आणि नोकरी सुटल्यावर त्यांनी विहीर गल्लीत हे दुकान घातलं. गल्लीतली विहीर कधीच बुजली होती, नाव तेवढं राहिलं. दोन्ही बाजूंनी मिळून चौदा गाळे, वर कौलं, पुढे लाकडी फळ्यांची दारं. बांगड्यावाला, बुक बाइंडर, हाताने छापणारा प्रेसवाला, भजनी मंडळांना टाळ विकणारा. माझ्या एका बाजूला आप्पा तेंडोलकरांची खानावळ आणि समोर हसनचाचांचं तबल्याचं दुकान. घाटकोपर, भांडुप, पार ठाण्यापर्यंतचे लोक यायचे. तबला शाई लावायला द्यायचा, ती वाळेपर्यंत आप्पांकडे सोलकढी-भात जेवायचा आणि जाता जाता पोरांच्या गॅदरिंगचे कपडे माझ्याकडे ठरवून जायचं, असा एका फेरीत तीन कामांचा हिशेब.

ड्रेपरी म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, कपडे कपाटात ठेवायचे आणि आलेल्याला द्यायचे. अहो, राजा कधी पाच फुटाचा असतो, कधी सव्वासहा फुटाचा आणि वर त्याचं पोट. अंगरखा एकच. म्हणून शिवणीत भरपूर दाब, म्हणजे जादा कापड, सोडलेला असतो आणि पाठीला नाड्या असतात. समोरून राजा, मागून बांधलेलं गाठोडं. जरीचा कपडा धुवायचा नसतो. तो उलटा करून उन्हात घालायचा, सुरकुत्या हाताने काढायच्या आणि घडीत कडुनिंबाचा पाला ठेवायचा. घाम अस्तरात मुरतोच. नवीन नट नाक मुरडतो. जुना नट वास घेतो आणि विचारतो, "याच्या आधी कोण होतं रे?"

बाबांनी एक पद्धत पाडली होती. कपडा परत आला की आत अस्तराला एक पांढरी पट्टी शिवायची. त्यावर बिब्ब्याच्या शाईने, धोबी खुणा करतात ना त्या शाईने, मंडळाचं नाव, नाटकाचं नाव आणि तारीख. कपडा किती वेळा वापरला, कुणी फाडला, ते कळावं एवढाच हेतू. पण पुढे पुढे नट मंडळी कपडा घालण्याआधी उलटा करून पट्ट्या वाचायला लागली. आमच्या लाल अंगरख्यात तर इतक्या पट्ट्या झाल्या की त्याला दुसरं अस्तर लागलं नसतं.

एक सावंत म्हणून विणकर होते, भांडुपला राहायचे. गिरणीच्या नाटकात ते कायम राजा. गिरण्यांचा संप झाला, मंडळ मोडलं, माणसं पांगली. त्यानंतर सावंत महिन्यातून एकदा दुकानात यायचे. लाल अंगरखा मागायचे, अंगात घालायचे, आरशासमोर उभे राहायचे. दोन-चार वाक्यं पुटपुटायचे. मग नीट घडी करून परत द्यायचे. पहिल्यांदा मी बाबांना विचारलं, "हे काय, नाटक कुठंय?" बाबा म्हणाले, "गप गं. तो कपडा त्याचाच आहे. आपण फक्त सांभाळतो." तेव्हा मला ते वेडेपणाचं वाटलं होतं. धंदा काय असतो ते मला त्या दिवशी शिकवलं गेलं होतं, कळलं मात्र नंतर.

बाबा गेले आणि दुकान माझ्यावर आलं. मी चौतिशीची, लग्न न झालेली. लोकांनी सल्ले दिले की हा काय बाईमाणसाचा धंदा, राक्षसांना चोळणे बांधायचे! मी म्हटलं, बायकांनीच आयुष्यभर राक्षसांच्या नाड्या बांधल्यात, मी निदान भाडं तरी घेते.

आता मूळ गोष्ट. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. गणपती संपले आणि गावाहून तार आली. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. मी दुकानाची किल्ली आप्पांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आप्पा, पंधरा दिवसांत येते."

"अगो, तू जा. हंय काय पळान जातला?" आप्पा म्हणाले.

पंधरा दिवसांचे सात महिने झाले. आईला कुशीवर वळवायलाही माणूस लागायचा. शेवटी ती गेली, तिचं सगळं करून मी मे महिन्यात परत आले. मनात धरूनच आले होते की कपड्यांना कसर लागली असेल. फळ्या काढल्या, तर कपडे टांगलेले! चुकीच्या खुंटीला, पऱ्यांच्या शेजारी यमदूत, पण झाडलेले, उन्हात घातलेले, पाला ठेवलेले.

आप्पा मागून आले. म्हणाले, "डिसेंबरात शाळांची मानसा येवक लागली. गॅदरिंग. पोरांका नाय कसा म्हणतलंय? मी आणि गल्लीन चलवला."

"कुणाला काय दिलंत?"

"जा हाताक गावला ता. एका शाळेत परीच्या खोक्यात यमदूताची शिंगा गेली. बाई सांगी होती, शिंगांची परीच सगळ्यात बरी दिसली."

मी हसता हसता रडले. लाल अंगरखा उलटा करून पाहिला तर आत तीन नव्या पट्ट्या. अक्षर आप्पांचं, वेडंवाकडं. टाके जाड, पण घट्ट. मला वाटलं, काकूंनी घातले असतील. काकू म्हणजे आप्पांची बायको. मी विचारलं नाही. माझी पहिली चूक तीच.

जूनमध्ये देसले आला. हा जमीनमालकाने नेमलेला माणूस. मालकाने गल्ली एका बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं. देसले गोड बोलायचा, हातात कायम ब्रीफकेस. त्याने माझ्या कापायच्या टेबलावर नकाशा पसरला. तीन मजली शॉपिंग सेंटर, पुढे सगळी काच.

"ताई, तुमचा धंदा आता व्हिडिओने खाल्ला," तो म्हणाला. "नाटकं कोण बघतंय? घ्या चार पैसे आणि आरामात राहा ना."

मी म्हटलं, "व्हिडिओतली माणसं काय उघडी असतात? त्यांनाही कपडे लागतात."

"विचार करा. नाहीतर मालक कोर्टात जातील. तुमचं दुकान सात महिने बंद होतं. गाळा सहा महिने वापरात नसला की भाडेकरूचा हक्क जातो. कायदा आहे."

"दुकान बंद नव्हतं."

"तुम्ही तर गावाला होतात!" तो हसला. नकाशा गुंडाळताना त्याने माझी टाचण्यांची डबी सांडली आणि न उचलता गेला. त्या टाचण्या वेचता वेचता मी ठरवलं, की या माणसाला इथली एक फळीसुद्धा मिळू द्यायची नाही.

महिन्याभरात दाव्याचे कागद आले. आणि त्याच आठवड्यात कळलं, की हसनचाचांनी बिल्डरच्या करारावर सही केली.

हसनचाचा मूळचे मिरजेचे. साठी उलटलेली. शाई लावताना ते बोलायचे नाहीत, श्वाससुद्धा जपून घ्यायचे. गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी सही केली म्हटल्यावर बाकीचे डळमळायला लागले. बांगड्यावाला म्हणाला, "चाचा जातात तर आपण कोण?"

माझं डोकं फिरलं. भर दुपारी, आप्पांकडे जेवायला माणसं बसलेली असताना, मी रस्ता ओलांडून चाचांच्या दारात उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चाचा, इतकी वर्षं चामडं विकत घेतलंत, आता शेजारी विकायला काढलेत का?"

चाचांनी हातोडी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मग हातोडी उचलली आणि पुन्हा तबल्याचे गट्टे ठोकायला लागले. जेवणाऱ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, जिंकले.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे बघणं सोडलं. समोरासमोरची दारं, दहा पावलांचं अंतर. दिवसातून पन्नास वेळा न बघायला काय मेहनत लागते ते मला विचारा.

केस उभी राहिली. आमचा वकील तरुण होता, पण मन लावून काम करणारा. तो म्हणाला, "दुकान चालू होतं हे दाखवणारं काय आहे?" मी लाल अंगरखा समोर ठेवला. त्याने तो उलटा केला, पट्ट्या वाचत गेला आणि म्हणाला, "मंदाताई, हा अंगरखा नाही, हा साक्षीदार आहे." भांडुपच्या एका शाळेच्या बाईंनी गॅदरिंगचा फोटोही दिला. त्यात तोच अंगरखा एका सातवीतल्या राजाच्या अंगात घोट्यापर्यंत आलेला.

कोर्टात मी अंगरखा पिशवीतून काढला तेव्हा मागच्या बाकावरचे लोक उठून बघायला लागले. मालकाचे वकील वयस्कर, हुशार. त्यांनी चष्मा पुसला, टाके निरखले.

"बाई, हे जुने टाके तुमचे?"

"हो."

"आणि या शेवटच्या तीन पट्ट्यांचे?"

"ते माझे नाहीत. मी गावाला होते."

"मग कुणाचे?"

"आप्पांच्या घरातलं कुणीतरी..."

"कुणीतरी!" ते न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, दावा दाखल झाल्यावर सावकाश बसून शिवलेले टाके आहेत हे. आणि फोटोतला अंगरखा हाच कशावरून? लाल अंगरखे पुष्कळ असतात."

मग आप्पा पिंजऱ्यात गेले. स्वच्छ धोतर, कपाळाला बुक्का. मालकाच्या वकिलांनी त्यांना विचारलं, "हे टाके तुमच्या पत्नीने घातले?"

"छ्या," आप्पा म्हणाले. "तिका सुईत दोरो ओवक दिसना नाय. ते हसनचाचानी घातले. माका सांगल्यानी, तू लिही, मी शिवतंय. मंदाच्या बापाची पद्धत मोडूची नाय."

ज्या माणसाला मी चारचौघांत विकाऊ म्हटलं, त्याने माझ्या मागे माझ्या बापाची पद्धत सांभाळली होती. आणि मी बोलत असताना त्याने ते सांगितलंही नव्हतं. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. केलं नाही.

बाहेर आल्यावर वकील म्हणाला, "त्या चाचांना पुढच्या तारखेला आणा. त्यांच्याशिवाय हे टिकणार नाही."

"मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणणार?"

तरी मी गेले नाही. खरं सांगते, जायचा धीर झाला नाही. शिवाय चाचांनी साक्ष दिली तर देसले त्यांचा करार फाडणार हे उघड होतं. मालाडला त्यांच्या मुलाने घर बघून ठेवलं होतं, त्याचे पैसे या करारातून यायचे होते. चाचींना दमा होता, गाळ्यामागे ते राहायचे तिथल्या ओलीने तो वाढायचा. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. सही त्यांनी हौसेने केली नव्हती. हे सगळं मला आप्पांनी त्या कोर्टाच्या पायऱ्यांवर सांगितलं. मी म्हटलं, "आधी का नाही सांगितलंत?" आप्पा म्हणाले, "तू इचारलंस खंय?"

तारखेच्या दिवशी मी सकाळी कोर्टात पोचले तर हसनचाचा आधीच येऊन बसलेले, आप्पांकडून तारीख कळली म्हणून. काळी टोपी, इस्त्रीचा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. देसले त्यांच्या कानाशी लागला होता. मला एवढंच ऐकू आलं, "चाचा, तुमचं मालाड जाईल."

चाचा म्हणाले, "जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

पिंजऱ्यात त्यांनी अंगरखा हातात घेतला. डोळ्यांना तेवढं दिसत नव्हतं, पण बोटं बरोबर त्या पट्ट्यांवर गेली.

"हे तुम्ही शिवलं?" आमच्या वकिलाने विचारलं.

"होय. तबल्याच्या गवसण्या, म्हणजे खोळी, मी दोन सुयांनी शिवतो. एक सुई इकडून, एक तिकडून, त्याच भोकातून. एक टाका उसवला तरी दुसरा सुटत नाही. घरात बायका शिवतात तसा हा टाका नव्हे." पिशवीतून त्यांनी एक जुनी गवसणी काढून दाखवली. न्यायाधीशांनी दोन्ही टाके शेजारी धरून पाहिले.

मालकाचे वकील उठले. "टाका तुमचा, मान्य. पण घातला कधी? मागच्या महिन्यातही घालता येतो की!"

चाचांनी अस्तर त्यांच्यासमोर धरलं. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही हुशार माणूस. हे बघा. ही पहिली पट्टी. दोरा मी पांढरा वापरलेला. आता कसा दिसतो?"

"तपकिरी."

"आणि तिसरा?"

"जवळजवळ पांढरा."

"जरीचा कपडा धुत नाहीत. पहिली पट्टी शिवल्यावर दोन पोरांनी तो घातला, नाचले, घामाघूम झाले, तोंडाचा रंग गळ्यावरून आत उतरला. तिसरी पट्टी शिवल्यावर फक्त मंदाच्या दुकानात टांगला. दोरा रंगवता येतो, साहेब. पोरांचा घाम कुठून आणणार?"

न्यायाधीशांनी अंगरखा नाकाजवळ नेला. अगदी क्षणभर. मग रुमाल काढला. अख्खं कोर्ट हसलं, मालकाचे वकीलसुद्धा. पण ते हसले तेव्हाच मला कळलं, आपण सुटलो.

निकाल लागायला आणखी काही महिने गेले. दावा फेटाळला. दुकान बंद नव्हतं, शेजाऱ्यांनी चालवलं तरी ते चालूच होतं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. बिल्डरला गल्ली अख्खी हवी होती, मधला गाळा सोडून शॉपिंग सेंटर बांधता येईना. डळमळलेले बाकीचे भाडेकरूही ताठ झाले. बांगड्यावाल्याने तर दारावर रंगवूनच घेतलं, "हे दुकान विकायचं नाही. विचारू नये." देसले एकदा शेवटचा आला. मी टाचण्यांची डबी मुद्दाम टेबलाच्या कडेला ठेवली होती. या खेपेला त्याने ती सांभाळून बाजूला केली.

चाचांचा करार मात्र देसलेने खरंच फाडला.

निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन रस्ता ओलांडला. ती दहा पावलं मला अजून आठवतात. चाचा शाई घोटत होते. मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, "चाचा, मी बोलले ते..."

"बस." त्यांनी पाट पुढे सरकवला. "तू बोललीस ते खोटं नव्हतं. मी विकायला निघालोच होतो की."

"मग कोर्टात का आलात? तुमचं घर गेलं ना."

त्यांनी घोटणं थांबवलं. म्हणाले, "ऐक मंदा. माझ्या दुकानाचं काय करायचं ते मी ठरवीन. ठेवीन, नाहीतर विकीन. पण तुझं दुकान बंद होतं असं कुणी माझ्या तोंडावर सांगायचं? मी तिथं रोज दिवा लावत होतो. मी काय मेलो होतो?"

मी विचारलं, "आता मालाडचं काय?"

"मालाड कुठं पळून जातंय?" म्हणाले आणि पेढा अर्धा करून मला दिला.

चाची त्या ओलीतच आणखी तीन पावसाळे खोकत राहिल्या. याचं ओझं माझ्यावर आहे आणि ते कुठल्याही निकालाने उतरत नाही. मी जमेल तेवढं केलं. त्यांच्या मागच्या भिंतीला डांबर लावून घेतलं, चाचींना दुपारी माझ्या माळ्यावर उन्हात झोपवायचे. पण केलेलं बोलणं कपड्यासारखं उलटं करून उन्हात घालता येत नाही.

दशक संपता संपता चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मुलाने कर्ज काढून मालाडला घर घेतलं आणि चाचांनी स्वतःहून तिकडे जायचं ठरवलं. गाळा त्यांनी बिल्डरला नाही, आपल्याच हाताखाली शिकलेल्या एका कारागिराला दिला. टेम्पो आला तेव्हा अख्खी गल्ली सामान चढवायला उभी होती. आप्पांनी डबा भरून दिला. जाताना चाचांनी फळ्या स्वतः लावल्या, एकेक, सावकाश. देसले कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे उभा होता. त्याला बघून चाचांनी हात केला आणि मोठ्याने म्हणाले, "देसलेसाहेब, बघून घ्या. विहीर गल्लीतून माणूस असा जातो. काढला जात नाही."